उत्तराचा पत्ता

दसरा जवळ आला की मांजरसुंब्याच्या घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. डोळे मोठे झाले, त्यांच्यामधल्या भेगा पिवळसर पडल्या, की फळ काढायचे. हे आमच्याकडच्या पोरासोरांना शिकवावे लागत नाही. बालाघाटाच्या ज्या खडकाळ उतारावर दुसरे काही उगवायला तयार होत नाही, तिथे सीताफळ न लावता येते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. म्हणून चौसाळ्याच्या अभ्यासिकेतल्या फळ्यावर एका मुलीने ‘सीताफळ मूळचे कुठले?’ असे लिहिले, तेव्हा सगळ्यांना तो फुकटचा गुण वाटला. चिठ्ठ्या आल्या : बालाघाट, बीड जिल्हा, दंडकारण्य. एकाने तर वनवासातल्या सीतामाईचा दाखला जोडला होता. त्या मुलीने विश्वकोश उघडून दाखवला. उष्ण कटिबंधातली अमेरिका! मग शोध लागत गेला, मिरची तिकडची, शेंगदाणा तिकडचा, मका, बटाटा, तंबाखू, सगळे तिकडचे. म्हणजे आपला ठेचासुद्धा अर्धा अमेरिकन, असे कोणीतरी म्हणाले आणि त्या संध्याकाळी अभ्यासिकेत कोणी अभ्यास केला नाही.

हे पुस्तक त्या फळ्यातून निघाले आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या आमच्या गावात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रोज एक प्रश्न फळ्यावर लिहीत. उत्तर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे. नियम एकच होता आणि तो मुलांनीच केला होता : उत्तराच्या खाली ते कुठे वाचले किंवा कोणाकडून ऐकले, ते लिहायचे. पत्ता नसलेली चिठ्ठी बाद, मग उत्तर बरोबर का असेना. मी निवृत्त मास्तर, बसायला जागा आणि वाचायला वर्तमानपत्र मिळते म्हणून तिथे जाणारा. पहिल्या आठवड्यात माझ्याच दोन चिठ्ठ्या बाद झाल्या. एरवी ‘सर, सर’ करणाऱ्या पोरांनी त्या बाबतीत काडीची भीड ठेवली नाही.

चिठ्ठ्यांची रजिस्टरे झाली, रजिस्टरांचे हे पुस्तक झाले. विभाग तीन : हवामान, अमेरिकेचा इतिहास आणि साहित्य. ही निवड विचित्र आहे, असे मला आधी वाटले होते. हवामान ठीक, बीड जिल्ह्यात आभाळाकडे बघितल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. साहित्यही समजू शकतो, परीक्षेत दोन-चार गुण त्याचे असतात. पण अमेरिकेचा इतिहास? संकलकांपैकी एकाने सांगितले, ‘सर, आम्ही ठरवलं नाही. प्रश्नांची गठ्ठ्यांत वाटणी केली तेव्हा तो गठ्ठाच मोठा निघाला.’ गठ्ठा का मोठा निघाला, ते पुस्तक वाचल्यावर मला कळले. त्याबद्दल पुढे येतेच.

आधी हवामान. आमच्याकडे पावसाचे दोन हिशेब चालतात. एक नक्षत्रांचा, एक मिलिमीटरचा. मृग निघाला, आर्द्रा लागल्या, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हा पहिला हिशेब. तो टाकाऊ नाही. सूर्य साधारण तेरा-चौदा दिवस एका नक्षत्रात असतो, त्यामुळे पेरणीचे आणि रब्बीच्या ज्वारीचे वेळापत्रक लक्षात ठेवायला नक्षत्रांइतके सोपे साधन नाही. घोळ होतो तो वाहनांचा. ‘यंदा मृगाचे वाहन गाढव, पाऊस जेमतेम’ असे पारावर छातीठोकपणे सांगतात. ते वाहन ठरते कसे, हा प्रश्न फळ्यावर आला आणि पंचांगाच्या अभ्यासकाकडून उत्तर आणले गेले. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आकड्याला नऊने भागायचे, उरेल त्यावर वाहन : एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, काही न उरल्यास हत्ती. या सबंध गणितात ढगाला, वाऱ्याला, समुद्राला कोणी काही विचारत नाही. बेडूक आला तर पाऊस चांगला, हे बेडकाच्या स्वभावावरून ठरले आहे. मुलांनी हे उत्तर कोणाची टिंगल न करता, भागाकारासकट छापले आहे. तीच पद्धत योग्य. गणित समोर ठेवले की वाचकाला त्याचे त्याला कळते.

दुसरा हिशेब मिलिमीटरचा, आणि त्यात पैसा अडकलेला असल्यामुळे तो गावात जास्त तावातावाने बोलला जातो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. नुकसानीची बोलणी त्या आकड्यापासून पुढे सुरू होतात. पण ६५ मिलिमीटर म्हणजे किती पाणी, हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येते. या पुस्तकातले माझे आवडते उत्तर तेच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर जवळपास २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वीस टँकर. एका एकरावर, एका दिवसात. उन्हाळ्यात ज्या गावाने टँकरमागे घागरी घेऊन धावताना गुडघे फोडून घेतले आहेत, त्या गावाने हा आकडा एकदा तरी मोठ्याने वाचावा.

पर्जन्यमापक कुठे बसवावा, तोंड किती उंचीवर असावे, झाडापासून आणि भिंतीपासून किती लांब, सकाळी साडेआठलाच मोजणी का, हे सगळे आत आहे. आता महावेध प्रकल्पातली स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळागणिक आली आहेत. तरी ढग मंडळाची हद्द बघून बरसत नाही. एका शिवारात बांध फुटतात आणि चार कोसांवरच्या मापकात निम्मा पाऊसही भरत नाही. एका वर्षी माझ्या भावाच्या रानात सोयाबीन पाण्याखाली उभे होते आणि नोंदीत साधा पाऊस होता. मापक खोटे बोलत नव्हते, पण ते फक्त स्वतःच्या तोंडात पडलेल्या पाण्याबद्दल बोलत होते. हे वाक्य मुलांनी माझ्या तोंडून उचलून पुस्तकात घातले आहे आणि खाली पत्ता म्हणून मलाच टाकले आहे.

हवामानाच्या विभागातून अमेरिकेच्या विभागात जाणारी वाट ‘अल निनो’वरून जाते. हा शब्द आता चौसाळ्याच्या चहाच्या टपरीवर बिनदिक्कत वापरला जातो. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या कोळ्यांचा. नाताळाच्या सुमारास त्यांच्या किनाऱ्यालगतचे पाणी कोमट होई, मासे कमी होत. म्हणून बाळ येशूच्या नावावरून ते ‘बाळ’ म्हणत. त्याची आपल्या पावसाशी गाठ पडायला मात्र मधे एक गणिती यावा लागला. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पाऊस का दगा देतो, हे शोधायला त्यांनी जगभरच्या हवादाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. त्यांना दिसले की पॅसिफिकवर दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, इकडे चढला की तिकडे उतरतो. विहिरीवरच्या दोन पोहऱ्यांसारखे. या दोलनाचा आणि पेरूच्या कोमट पाण्याचा संबंध १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात बसून जोडला. तीन वर्षांनी मोठा अल निनो आला आणि महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला. परीक्षेच्या गाइडांत यावरून ‘अल निनो म्हणजे दुष्काळ’ असे एका ओळीचे उत्तर देतात. या पुस्तकात त्याच्याच खाली १९९७ ची नोंद आहे. विसाव्या शतकातल्या सर्वांत तगड्या अल निनोंपैकी एक त्या वर्षी होता आणि भारतात पाऊस सरासरीइतका झाला. एका ओळीच्या उत्तरात न मावणारी ही नोंद ठेवली, यासाठी मी संकलकांची पाठ थोपटली आहे.

बहात्तरचा विषय निघाला तेव्हा फळ्यावर प्रश्न आला : ‘मिलो म्हणजे काय?’ एका मुलाची चिठ्ठी अशी होती : ‘लाल ज्वारी. अमेरिकेतून आली. भाकरी थापताना तुटायची, चव नव्हती, पण होती.’ आणि खाली पत्ता : ‘माझी आजी.’ वाद पेटला. आजी हा संदर्भ धरायचा का? काहींचे म्हणणे, छापील असेल तरच घ्यायचे. शेवटी दोघे-तिघे उठून आजीकडेच गेले. म्हातारी बहात्तरला खडी फोडायच्या कामावर होती, सुकडी खाल्लेली, मिलो दळलेली. तिने तळहात पुढे करून दाखवला आणि त्यावर दुसऱ्या हाताने हवेतच भाकरी थापली. कडेला ती कशी फाटायची, तिथे बोट थांबवले. चिठ्ठी मंजूर झाली. पुस्तकात त्या उत्तराखाली ‘प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीकडून’ असा शेरा आहे. त्याच पानावर पुस्तकी भरही आहे : ज्वारी मूळची आफ्रिकेची, ती गुलामांच्या व्यापाराच्या काळात अमेरिकेत गेली आणि तिथल्या शेतांत वाढलेला तिचा लाल दाणा बहात्तरच्या दुष्काळात जहाजातून आपल्या दारात आला.

अमेरिकेचा गठ्ठा मोठा का निघाला, याचे उत्तर अशा चिठ्ठ्यांत आहे. मुलांनी ‘अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष कोण’ हे प्रश्न विचारले नाहीत असे नाही, पण ते लवकर संपले. उरले ते कापसाचे, धान्याचे आणि गुलामगिरीचे. १८६१ साली तिकडे यादवी सुरू झाली, दक्षिणेतली बंदरे अडली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बसल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा उन्माद चढला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्याच काळातले, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. तेजीत सैल हाताने दिलेले कर्ज, मग मंदी, वरून सारावाढ. १८७५ साली सुप्याच्या बाजारात आणि नगरच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते-दस्तऐवज जाळले, त्यामागच्या कारणांत ही एक कडी आहे. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, नगरची हद्द शेजारी. आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून ती कोणाला अर्पण केली? निग्रो गुलामांना दास्यातून मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला ती बातमी आपल्या घरची वाटली. सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला ज्या सिंथिया फरार यांच्याकडे गेल्या, त्या अमेरिकन मराठी मिशनच्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत सबंध ग्रंथ लिहिला. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या नोंदी ‘महाराष्ट्राचा इतिहास’ या कप्प्यात टाकायच्या की ‘अमेरिकेचा इतिहास’ या, यावर बराच खल झाला. मी म्हटले, दोन्हीकडे टाका. कागद महाग आहे, असे उत्तर मिळाले.

आता एका उत्तराबद्दल, ज्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या चौकटीत लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र टांगलेले असते. वसंत बापटांच्या मराठीमुळे ते इतके कानात बसले आहे की वक्तृत्व स्पर्धेत एक तरी मुलगा ते म्हणतोच. मी तीस वर्षे ते वाचून दाखवले, पाठ करून घेतले, दरवर्षी एखाद्या पोराचे डोळे पाणावलेले बघितले. फळ्यावर एकीने लिहिले : ‘लिंकनने हे पत्र कोणत्या हेडमास्तरांना, कोणत्या साली, कोणत्या मुलासाठी लिहिले?’ मला वाटले, सोपे आहे. चिठ्ठी लिहायला बसलो आणि पत्त्याच्या ओळीवर पेन थांबले. मुलांनी शोध घेतला. लिंकनचे लेखन आणि भाषणे आठ खंडांत संपादित झाली आहेत. त्यांत हे पत्र नाही. कोणत्या शाळेला, कधी पाठवले, याचा कागद नाही. लिंकनची स्वतःची शाळा सगळी मिळून वर्षभरही भरत नाही, हे मात्र नोंदलेले आहे. सुंदर मजकूर कोणी तरी लिहिला, पुढे कोणी तरी त्याला लिंकनची सही दिली आणि आम्ही मास्तरांनी त्यावर काच बसवली. संकलकांनी या पत्राची नोंद इतिहासातून काढून साहित्य विभागात, बापटांच्या नावाखाली ठेवली आहे. मला सुरुवातीला ते लागले. आता तेच बरोबर वाटते. मजकूर चांगला आहे म्हणून तो लिंकनचा होत नाही, आणि लिंकनचा नाही म्हणून तो वाईटही होत नाही. ज्याला वाचून दाखवायचा आहे त्याने खुशाल दाखवावा, फक्त सहीचे सांगावे.

साहित्य विभागात आमच्या जिल्ह्याची एक अडचणही आली. मराठीतले आद्य कवी कोण? बीडच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, मुकुंदराज म्हणेल. अंबाजोगाईला समाधी आहे, ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११० म्हणजे सन ११८८ सांगतात. पण अभ्यासकांत या सनावर मतभेद आहेत, आणि मुकुंदराजांचे स्थान अंबाजोगाई की विदर्भातले आंभोरा, यावरही आहेत. जिल्ह्याचा अभिमान आणि पत्त्याचा नियम यांत ओढाताण झाली. शेवटी दोन्ही बाजू छापल्या आहेत. अंबाजोगाई आधी, एवढा पक्षपात वाचकांनी खपवून घ्यावा. दासोपंतांच्या पासोडीबद्दल असा वाद नाही. कापडाच्या लांबलचक पट्टीवर लिहिलेला मजकूर अंबाजोगाईत आजही आहे, जाऊन बघा. अमेरिकन साहित्याची नोंद मात्र त्रोटक राहिली आहे. थोरो आहे, तोही दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले म्हणून. मार्क ट्वेन १८९६ साली मुंबईत उतरला होता म्हणून आहे. पुढच्या आवृत्तीत हा विभाग भरावा लागेल.

गाइडांवर मी फार रागावतो असे मुले म्हणतात. त्याचे कारण घरचेच आहे. चौसाळा हा विधानसभेचा मतदारसंघ होता. मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून तो राहिला नाही. तरी त्यानंतर कितीतरी वर्षे बाजारातल्या पुस्तकांत बीड जिल्ह्याच्या मतदारसंघांत आमचे नाव छापलेले मी पाहिले आहे. आपल्या गावाचे नाव छापील बघून आनंद व्हावा, पण झाला नाही. उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर तर जुन्या पुस्तकांतल्या सरहद्दींची उत्तरे एका फटक्यात शिळी झाली. म्हणून या पुस्तकात बदलू शकणाऱ्या प्रत्येक उत्तरापुढे कंसात वर्ष आहे. भाकरीसारखेच आहे, कधीची ते माहीत असले म्हणजे झाले.

मराठीत हे काम नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट घेऊन परतले, १९१६ साली त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले, त्यासाठी भागभांडवलाची कंपनी काढली, गावोगाव वर्गणीदार मिळवत हिंडले आणि बारा वर्षांत २३ खंड उभे केले. त्यांतले पहिले पाच खंड नुसत्या प्रस्तावनेचे! पहिल्याचे नाव ‘हिंदुस्थान आणि जग’. १९३१ साली हैदराबादला साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष तेच. हैदराबाद तेव्हा आमची राजधानी होती. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभारला, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. त्या डोंगरांपुढे हे पुस्तक म्हणजे बांधावरचा दगड आहे. केतकरांना प्रस्तावनेला पाच खंड लागले, मला संकलकांनी सहा पाने दिली होती, आणि ती संपत आली आहेत.

पुस्तकाच्या शेवटी काही पाने कोरी सोडली आहेत. ती छपाईची चूक नव्हे. एवढ्या उत्तरांत चुका असणारच. काही मला दिसल्या त्या दुरुस्त केल्या, काही मीच घातल्या असतील. तुम्हाला सापडली तर त्या कोऱ्या पानावर पृष्ठाचा क्रमांक, बरोबर उत्तर आणि ते कुठे वाचले किंवा कोणी पाहिले ते लिहा, पान फाडा आणि चौसाळ्याच्या अभ्यासिकेतल्या डब्यात आणून टाका. पत्ता नसेल तर चिठ्ठी बाद होईल. माझ्या झाल्या होत्या.